तिने आधी तुला सांगितलं

प्रिय माया,

आधी पक्की बातमी. प्रणाली आज शाळेत गेली. म्हणजे फाटकातून आत गेली, वर्गात नाही. शाळेच्या समुपदेशक दामिनी मॅडम यांच्या खोलीत मधल्या सुट्टीपर्यंत बसली आणि मग घरी आली. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. आमच्या पेपरच्या डेस्कवर एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी जात नाही, म्हणून मी तुझ्या दादालाही विचारलं. संजीव तिला पोचवून कामावर जायचं सोडून फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहिला होता. दुकानदाराने काय पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा याने मोबाईल कानाला लावला. "फोन कोणाचाच नव्हता, मी नुसता कानाले लावून उभा होतो," असं त्याने मला सांगितलं. पोरीने एकदा मागे वळून पाहिलं, हसली नाही, पण हात हलवला, असंही म्हणाला. तेव्हा बातमी खरी धरायला हरकत नाही.

ही बातमी तुला माझ्याआधी कळली असणार याचीही मला खात्री आहे. मॅडमच्या खोलीत बसल्याबसल्या तिने तुला मेसेज केला असेल, आणि सावनेरच्या तुझ्या खाणीच्या ऑफिसात टेबलाखाली मोबाईल धरून तू उत्तरही दिलं असशील. मी तिचा मोबाईल बघत नाही. दामिनी मॅडमनी बघू नका म्हटलंय आणि मी ते पाळते. पण तुझा मेसेज आला की तिचा अंगठा कसा चालतो ते मला खोलीच्या दारातूनही ओळखू येतं. माझ्या मेसेजला ती फक्त 'हो' लिहिते. कधीकधी नुसता अंगठा.

तू त्या रविवारपासून आली नाहीस. मीच येऊ नकोस म्हटलं होतं, त्यामुळे तक्रार करायचा मला हक्क नाही. दारात उभी राहून मी तुला म्हटलं, काही दिवस राहू दे, तिला आमची सवय होऊ दे. तू पायात चप्पल घालत होतीस, वर न बघता "बरं वहिनी" म्हणालीस आणि गेलीस. तू भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी बरंच काही तयार ठेवलं होतं. तुला काय जातं, तुला सोमवारी डबा भरायचा नाही, तुला तिच्या गणिताच्या मार्कांवर सही करायची नाही, तू येतेस, लाड करतेस, बसमध्ये बसून निघून जातेस. यातलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही, म्हणून ती अजून माझ्याकडेच पडून आहेत. इथे लिहून मोकळी होते.

त्या दिवशी तुझ्यामागे नेमकं काय झालं ते तुला माहीत नाही. तू आलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सकाळपासून तिच्या आवडीची म्हणून सांबारवडी करत होते, आणि बाईसाहेबांनी 'नको, पोट दुखतं' म्हणून तोंड फिरवलं होतं. तू आत आलीस, जयभीम केलास, तिच्या पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, "काय वं पोरी, काहून एवढी वाळून गेली? तुझ्या माईनं उपाशी ठेवलं का?" मग तू माझ्याच कढईतली वडी बशीत घेतलीस, स्वतः खाऊ लागलीस, आणि ती तुझ्या बशीतून खाऊ लागली. एक खाल्ली, मग आणखी. कोथिंबीर मी निवडली होती, माया. तुमच्या भाषेत सांबार. आणि तू गेल्यावर ती मला काय म्हणाली, सांगू? "आत्याने आणलेली वडी मस्त होती." मी तिची चूक दुरुस्त केली नाही. एवढी एकच दुरुस्ती मी केली नाही बहुतेक.

तुला आठवत असेल, डिसेंबरात तिची वक्तृत्व स्पर्धा होती. भाषण मी लिहून दिलं होतं. चांगलं होतं ते, अजूनही म्हणते. तिच्या वयाच्या मुलीच्या तोंडी शोभतील अशीच वाक्यं होती, आणि घरी आरशासमोर ती न अडखळता म्हणत होती. त्या दिवशी आमच्या अंकाची पुरवणी छपाईला जायची होती, म्हणून मी गेले नाही. संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, काही नाही, नंबर नाही आला. मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी. मी ते प्रकरण तिथेच संपवलं. रोज रात्री पेपरची पानं लावणाऱ्या माणसाला प्रकरणं संपवायची सवय असते.

मग सकाळचं पोट दुखणं सुरू झालं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं केलं. काही निघालं नाही. मग तिच्या डाव्या भुवईचा अर्धा भाग गेला. मला वाटलं, शाळेतल्या मुलींचं ऐकून ही पार्लरमध्ये गेली आणि पार्लरवालीने भुवई बिघडवली. नववीतल्या मुलीला कशाला हवं थ्रेडिंग, यावर मी तिला चांगलं लांबलचक ऐकवलं. ती ऐकत राहिली. एकेक केस ती स्वतःच्या बोटांनी उपटत होती हे तिने मला सांगितलं नाही. मी इतकं सविस्तर बोलत होते की सांगायला जागाच नव्हती, असं संजीव म्हणतो. तो आता फार शहाणा झालाय.

शाळेने बोलावलं तेव्हा कळलं की ती निम्मे तास आजारी मुलांच्या खोलीत पडून असते. दामिनी मॅडमची खोली तू पाहिली नाहीस. लहानशी आहे, भिंतीला काही उपदेश चिकटवलेले नाहीत, हे मला आवडलं. वयाने माझ्याहून लहान बाई. मला वाटलं, आता विचारतील घरात भांडणं होतात का, मोबाईल किती वेळ बघते. तसं काही नाही. त्यांनी प्रणालीला माझ्या आणि संजीवच्या समोर विचारलं, की तुला जे सांगायचंय ते तू सांगतेस, की मी सांगू? प्रणालीने त्यांच्याकडे बोट केलं. मग त्यांनी सांगितलं, आणि मध्येमध्ये तिला विचारत राहिल्या, बरोबर सांगतेय ना मी? माझ्या मुलीची गोष्ट मी एका परक्या बाईच्या तोंडून ऐकली आणि माझी मुलगी ती खरी असल्याची मान डोलावून साक्ष देत होती.

तुला सगळं माहीत आहेच. तरी मला कळलं त्या क्रमाने लिहिते, कारण तुला कळलं त्या क्रमाने ते मला कधी कळणार नाही. भाषणाच्या मधोमध ती विसरली. सभागृह भरलेलं. माझं पुढचं वाक्य सापडेना, आणि तिच्या तोंडून निघालं, "मले... मले आठवून नाही राहिलं." सभागृह हसलं. परीक्षकही हसले म्हणे, चांगल्या मनाने असेल. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं, वर्गाच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'मले' पडलं. "ए मले, इधर आ ना बे." "मले, तुले आठवून राहिलं का?" यात तिची ती काजलसुद्धा होती, आपल्याकडे वाढदिवसाला येऊन दोन वाट्या खीर खाणारी. गंमत अशी की ही सगळी पोरं घरी हेच बोलतात. स्टेजवर बोलायचं नसतं एवढंच त्यांना माहीत आहे.

दामिनी मॅडमनी मग सांगितलं की तिने हे त्याच संध्याकाळी आत्याला फोन करून सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, माया. मी 'पुढच्या वर्षी' म्हणून फोन ठेवला आणि तिने तुला लावला. आणि तू सगळं ऐकून घेऊन तिला एवढंच विचारलंस, "मंग? पुढचं आठवलं का नाही?" हे सांगताना मॅडमना हसू आलं आणि प्रणालीलाही आलं. किती आठवड्यांनी मी तिला हसताना पाहत होते, आणि तेही तुझ्या वाक्यावर. तुला त्यात चूक दिसलीच नाही. तुझ्या दृष्टीने एक पोरगी भाषण विसरली होती, बस. मला चूक दिसली असती. मी तिची समजूतच घातली असती, पण समजूत चूक करणाऱ्याचीच घालतात ना?

मी तिथेच म्हटलं, मग माझ्याशी का नाही बोलली? रागाने नाही म्हटलं, पण बातमीदाराला विचारते तसं म्हटलं असेन. मॅडमनी प्रणालीकडे पाहिलं. या वेळी ती स्वतः बोलली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, मम्मी, तुला सांगितलं होतं. जानेवारीत, सकाळी, तू डबा भरत होतीस. मी म्हटलं, "मम्मी, मले शाळेत जाऊ नाही वाटून राहिलं." आणि तू म्हणालीस, "'मला शाळेत जावंसं वाटत नाही' असं म्हण." मग मी तसं म्हटलं. मग तू डब्याचं झाकण लावलंस आणि मला दिलास.

मला हे आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही. पण संजीव तिथेच दाढी करत होता आणि त्याला आठवतं. तो म्हणाला, हो, असं झालं होतं, आणि दुसऱ्या वेळेस तिने बरोबर म्हटल्यावर तू 'शाब्बास' म्हणाली होतीस.

आता तू मनात म्हणशील, वहिनीचं नेहमीचंच. तुला माझं शुद्ध बोलणं कधी आवडलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना तू म्हणाली होतीस, 'ही तर रेडिओवानी बोलते', ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. पण मी काही रेडिओत जन्मले नाही. मी उमरेडची. आमच्या घरी हातमाग होता आणि तुमच्याहून गावरान बोलणं होतं. पेपरात लागले त्या वर्षी एका बातमीत मी 'नळाला गढूळ पाणी येऊन राहिले आहे' असं लिहिलं, आणि आमच्या मुख्य उपसंपादकांनी ते खोलीच्या मधोमध उभं राहून वाचून दाखवलं. टाइपसेटरपासून चहावाल्यापर्यंत सगळे हसले. त्यानंतर मी एकेक शब्द वेचून काढला. मुलीला पाळण्यापासून दुसरे शब्द दिले, ते हसणं तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तुझ्या आईकडून आणि तुझ्याकडून ती जे उचलत होती ते मी रोज झाडून काढत होते, आणि ते तिच्या आत कुठेतरी शाबूत होतं. भर सभेत माझं वाक्य हरवलं तेव्हा तिला तुमचं सापडलं. याचा मला राग आहे. खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त राग कशाचा, तेही ऐक. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. भुवईचंही तुला माहीत होतं. मी तिला पार्लरवरून झापत होते तेव्हा तुला खरं माहीत होतं. मी मॅडमना तसं म्हटलं, जरा चढ्या आवाजात. त्या शांतपणे म्हणाल्या, की आत्याने 'कोणाला सांगू नको' ही तिची अट पाळली, पण तिला सोडून नाही दिलं. रोज मागे लागून लागून शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं की ती शाळेत कोणा एका मोठ्या माणसाला सांगेल. म्हणजे ती मॅडमच्या दारात आली ती तुझ्यामुळे. "सांग वं, नाहीतर मी येऊन सांगीन," असं तू म्हणायचीस म्हणे, आणि नंतर दोघी हसायच्या. मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरात असं एक माणूस आहे, ही चांगली गोष्ट आहे. मी मान डोलावली. त्यानंतरच्या रविवारी मी तुला येऊ नकोस म्हटलं.

तू नाही आलीस आणि तिला आमची सवय झाली नाही. तिने शाळेत जाणंच बंद केलं. दप्तर भरायची, मोजे घालायची आणि पलंगाच्या कडेला बसून राहायची. मी रात्रपाळीऐवजी दिवसाची पाळी मागून घेतली, संध्याकाळ तिच्याबरोबर घालवायची म्हणून. ती आणि मी हॉलमध्ये बसायचो. टीव्ही चालू. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी काही विचारत नव्हते. प्रश्न न विचारता माणसाशेजारी कसं बसतात हे मला कोणी शिकवलेलं नाही, माया. माझं सगळं शिक्षण कोण, कुठे, कधी, का याचं आहे. तू कशी बसतेस? मी तुला पाहिलंय, तू भाजी निवडत बसतेस किंवा तिचे केस विंचरतेस. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेले. ती म्हणाली, "नको आई, धुतलेत." 'मम्मी' नाही, 'आई' म्हणाली. तिने घाबरून शुद्ध बोलावं अशी मी आता या घरात शेवटचीच उरले आहे.

एक दिवस मात्र झाला बरा. मी मटार सोलत होते, तुझी नक्कल करूनच, लपवत नाही. ती येऊन बसली आणि सोलू लागली. मग ती म्हणाली, काजलने सॉरीचा मेसेज केला, पण तिला काय लिहावं समजून नाही राहिलं. आणि थांबली. माझ्याकडे बघत थांबली, शिक्षक लाल पेन उचलतात का ते मुलं बघतात तशी. माझ्या जिभेवर 'समजत नाही असं म्हण' आलं होतं, तुझ्यापासून काय लपवू. पण मी म्हटलं, तुला तिला माफ करायचंय का? ती म्हणाली, माहीत नाही. मी म्हटलं, मग तसंच लिही, माहीत नाही म्हणून. तिने तसंच लिहिलं. कोणत्या भाषेत ते मी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी तिने तुला फोन केला नाही. मी लक्ष ठेवून होते. दुसऱ्या दिवशी केला.

दामिनी मॅडम वर्गाशी बोलल्यात. शिक्षा कोणाला दिली नाही. मला आवडलं नव्हतं ते, मला दोन-चार पालकांना बोलवायचं होतं. पण त्यांनी मुलांना आपापल्या घरी काय बोलतात ते विचारलं, आणि म्हणे सगळा तास त्यातच गेला. कोणाच्या घरी छत्तीसगढी, कोणाच्या घरी हलबी, एकाच्या घरी आजी नुसती शिव्याच देते. ते स्टिकर काही पोरांनी काढून टाकलं. सगळ्यांनी नाही. आजचं फाटकातून आत जाणं हे त्यानंतरचं. पुढच्या आठवड्यात एक तास वर्गात, मराठीचा नको, चित्रकलेचा, असं तिचं आणि मॅडमचं ठरलंय. पण भुवईचं, आणि ती रात्ररात्र जागी असते त्याचं, शाळेत भागणारं नाही, असंही त्या स्पष्ट म्हणाल्या. त्याला डॉक्टर हवा. अर्धवट सोडलं तर वाढतं.

म्हणून हे पत्र. इथे धंतोलीत मुलांच्या मनाच्या एक डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे शुक्रवारची वेळ मिळाली आहे, सकाळी अकराची. पहिल्या वेळेस मुलाबरोबर घरचं एकच माणूस आत बसू शकतं. रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवर विचारलं, सोबत आई येणार ना, आणि मी हो म्हणून नाव लिहूनही दिलं. मग प्रणालीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, आत्या येणार असेल तर जाईन, नाहीतर नाही. मी तिला समजावलं नाही. काल पुन्हा फोन करून तुझं नाव लिहायला सांगितलं. नातं काय म्हणून तिने विचारलं, ते सांगितलं. फोनवर मी तुला हे बोलले असते तर तोंडाने 'ये' म्हटलं असतं आणि तुला 'नको येऊस' ऐकू आलं असतं, म्हणून लिहून संजीवच्या हाती देते आहे. तो उद्या सावनेरला येतोय. गुरुवारी संध्याकाळच्या बसने ये आणि मुक्कामाला ये. मी बाहेरच्या बाकावर बसेन. शेवटी डॉक्टर आईला दहा मिनिटं आत बोलावतात असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा जाईन. आत ती काय बोलली ते मी तुला विचारणार नाही, आणि तू मला सांगूही नकोस, कितीही आडून विचारलं तरी. फक्त एक कर. वेळ संपून दार उघडलं की तिला पुढे येऊ दे. तू ओढणी सावरायच्या, पर्स शोधायच्या निमित्ताने थोडी मागे राहा. मी समोरच बसलेली असेन.

वाट बघणारी, तुझीच,
भावनावहिनी